डावीकडचा तंबुरा

नुंगंबाक्कम, चेन्नई
६ जानेवारी २०२५

चि. ऋजुतास अनेक आशीर्वाद.

आमची वरची खोली सोडून तू कारखान्याजवळ ओरगडमला गेलीस त्याला चार महिने झाले. जाताना काय ठरलं होतं ते आठवतं ना? फोन नाही, मेसेज नाही; मराठीत, हातानं लिहिलेलं पत्र. आमच्या तंजावरी घरात मराठी बोलणारे आम्ही नवरा-बायको दोघंच उरलो, आणि लिहिणारा तर मी एकटा. आमच्या लेकाला, विजयेंद्राला, ही अक्षरं चित्रासारखी दिसतात म्हणून तो सिंगापूरहून सांगतो. तेव्हा पोरी, तू आळस करायचा नाही मा.

आता कामाचं. तुझ्या खोलीची मी ऐकायची खोली केली. सात स्पीकर आले, खर्जासाठी कोपऱ्यात आणखी एक मोठा आला, सगळ्यांना ताकद देणारे अ‍ॅम्प्लिफायर आले. प्रोसेसर तेवढा राहिला. कुठला आवाज कुठल्या स्पीकरकडे धाडायचा ते तो ठरवतो, म्हणजे घरातला कर्ता तोच, आणि तोच ठरत नाही. विशालाक्षीला सिनेमा पाहिजे. तिची बोटं आखडली तेव्हापासून वीणा कपाटावर आहे. संध्याकाळी सिनेमा लावते आणि त्यातच राहते. मला गाणं पाहिजे. सिनेमाला जो चांगला म्हणतात तो गाण्याला भडक, गाण्याला जो चांगला तो सिनेमाला भित्रा.

चाळीस वर्षं कोडंबाक्कमच्या स्टुडिओत मी ध्वनिमुद्रण केलं. रावांचे कान असले तर मीटर कशाला म्हणून लोक विचारायचे. आणि घरात एक प्रोसेसरचा डबा ठरवता येईना. तू मोटारींच्या आतला आवाज मोजायची नोकरी करतेस, तूच सांग.

विशालाक्षी विचारते, तिथल्या मेसमध्ये रसम तरी मिळतं काय.

तुझा
सत्यनारायण राव


ओरगडम
११ जानेवारी २०२५

ती. राव काकांना सा. न.

रसम मिळतं, पण ते रसम आहे हे फलकावर लिहिलेलं असतं म्हणून कळतं. मावशींना सांगा, मी वाळले नाहीये.

माझ्या खोलीत सात स्पीकर? मी दोन वर्षं तिथे कपडे वाळत घालायची दोरी कुठे बांधू म्हणून भांडत होते, ते विसरले नाही मी.

काका, कॅटलॉग फेकून द्या. त्यात जी लांबलचक नावं असतात ती सगळ्यांकडे सारखीच असतात. तीन गोष्टी बघा. एक, नुसतं दोन स्पीकरवर गाणं लावलं तर प्रोसेसर मधे लुडबूड न करता ते सोडून देतो का. दोन, सोबतचा मायक्रोफोन लावून तो खोली कशी मोजतो आणि खोलीचे दोष किती झाकतो. तीन, गाण्यावरून सिनेमावर यायला एकच बटण आहे का. नाहीतर मावशी रोज संध्याकाळी तुम्हाला हाका मारत बसतील.

दुकानदाराला घरी आणून लावायला सांगा, एकेक डबा पंधरा दिवस. आणि ऐकायला असं काहीतरी लावा जे तुम्हाला झोपेतही पाठ आहे. बाकी तुमचे कान आहेतच. तुमच्या कानांपुढे आमच्या कारखान्यातले मायक्रोफोन मी ओवाळून टाकीन.

तुमची
ऋजुता


नुंगंबाक्कम
२४ जानेवारी २०२५

चि. ऋजुतास आशीर्वाद.

पहिला डबा आला. माउंट रोडच्या दुकानातला पद्मनाभ म्हणून एक मनुष्य आहे, पन्नाशीचा, अबोल. तो स्वतः खांद्यावर घेऊन जिना चढला. माझ्या खुर्चीवर मायक्रोफोन ठेवून त्यानं मोजणी केली. एकेक स्पीकर खालच्या सुरापासून वरपर्यंत शीळ घालतो, मायक्रोफोन ऐकतो, आणि आम्ही दोघं दाराशी श्वास रोखून उभे. विशालाक्षीला हसू आलं, तर पद्मनाभनं पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

सिनेमा तिला आवडला. पाठीमागून कोणी चालत आलं म्हणून तिनं दोनदा वळून पाहिलं.

मी काय लावलं ते तू ओळखलंच असशील. १९८८ साली आमच्याच हॉलमध्ये दोन मायक्रोफोन लावून केलेलं विशालाक्षीचं वादन. मध्ये वीणा, उजवीकडे मृदंग, डावीकडे तंबुरा घेऊन माझी थोरली बहीण, विद्युलता आक्का. सुरू व्हायच्या आधी आक्का एकदा हळूच खोकते. स्टुडिओत असतं तर मी ते कापलं असतं. घरातलं म्हणून ठेवलं. आक्का जाऊन एकोणीस वर्षं झाली, वीणा थांबून सहा. त्या दोघींचं माझ्याजवळ एवढंच आहे. त्यामुळे डबा चांगला की वाईट ते मी आक्काच्या खोकल्यावर ठरवतो. ती डावीकडे, खिडकीशी, माझ्यापासून चार हातांवर खोकली पाहिजे. या डब्यात खोकली. मी उठून खिडकीपर्यंत गेलो. कशाला गेलो विचारू नकोस.

हाच ठेवावा काय? पद्मनाभ म्हणतो, दुसराही बघा सार.

तुझा
राव काका


ओरगडम
२९ जानेवारी २०२५

ती. काका, सा. न.

घाईत लिहितेय, नव्या गाडीच्या चाचण्या चालू आहेत. पहिल्यावरच थांबू नका. दुसरा गाण्याला जास्त स्वच्छ आहे असं मी वाचलंय. दोन्ही ऐकताना आवाजाची पातळी सारखी ठेवा, मोठा वाजतो तो चांगला वाटतो. हे मी तुम्हाला सांगतेय, म्हणजे कमालच झाली.

खिडकीपर्यंत का गेलात ते नाही विचारत.

ऋजुता


नुंगंबाक्कम
११ फेब्रुवारी २०२५

चि. ऋजुतास आशीर्वाद.

तुझ्या दुसऱ्या डब्यानं माझं डोकं फिरवलं आहे.

रविवारी संध्याकाळी पद्मनाभनं तो लावला, मोजणी केली, आणि करंट गेला. ऐकायचं राहून गेलं. काल सकाळी कापीचा पेला घेऊन वर गेलो, वादन लावलं, तर तंबुरा नाही. अगदीच नाही असं नव्हे. भिंतीपलीकडे कोणी शेजारी वाजवतो आहे तसा. खोकला तर गेलाच. वीणा मधून सरकून मृदंगाच्या मांडीवर जाऊन बसली. सिनेमात एवढं कळत नाही, तिथं चारी बाजूंनी गोंधळच असतो.

आणखी एक. खोलीत हम् आहे, एकसुरी गुणगुण. डबा बंद केला तरी हम् राहतो. खाली स्वयंपाकघरात आलो तरी राहतो. अर्थिंगचा एवढा जबर दोष मी चाळीस वर्षांत पाहिला नाही.

काल अंथरुणातून उठताना जरा भिंत धरावी लागली, खोली फिरली. बी.पी.ची गोळी रिकाम्या पोटी घेतली म्हणून असेल. विशालाक्षी एकच धरून बसली आहे, आधी कान दाखवून या म्हणून. डब्याला मार लागला तर माझ्या कानाला औषध. मी सांगितलं, तुला वीणा कळते, यंत्र कळत नाही, गप्प बस.

काय करू ते लवकर लिही.

राव काका


ओरगडम
१६ फेब्रुवारी २०२५

ती. काकांना सा. न.

तुमचं पत्र काल हातात पडलं. वाचून मला, खोटं कशाला बोलू, आनंदच झाला. असा बिनचूक दोष सांगणारा मनुष्य मला कारखान्यात मिळत नाही.

पद्धतशीर जाऊ. आधी डावा आणि उजवा स्पीकर उचलून एकमेकांच्या जागी ठेवा. दोष स्पीकरबरोबर उजवीकडे गेला तर स्पीकर खराब. नाही गेला तर मागच्या वायरी आलटूनपालटून लावा. तेव्हा तंबुरा उजवीकडे येईल आणि मृदंग डावीकडे. मग कोण दबतं ते बघा. तंबुराच दबला तर दोष डब्यात.

घरभर हम् असेल तर इन्व्हर्टर किंवा मीटरजवळची अर्थिंग. इलेक्ट्रिशियनला बोलवा. सोबत एका कागदावर आकृती काढून दिली आहे, ती त्याला दाखवा.

आणि मावशींना सांगा, रावांचा कान असा एका रात्रीत बिघडत नसतो. एका रात्रीत बिघडतात ती यंत्रं.

तुमची
ऋजुता


नुंगंबाक्कम
२० फेब्रुवारी २०२५

चि. ऋजुतास आशीर्वाद.

तुझं शेवटचं वाक्य मी विशालाक्षीला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं ऐकून घेतलं. परवापासून ती या विषयावर एक शब्द बोललेली नाही.

इलेक्ट्रिशियननं अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा घातला, नवी सळई पुरली. हम् आहे तिथंच आहे.

स्पीकर बदलले. डावीकडेच दबतं. वायरी बदलल्या. आता मृदंग डावीकडे आला, तर मृदंग दबला, आणि तंबुरा उजवीकडे स्वच्छ. म्हणजे स्पीकर नाही, डबा नाही; सगळं पुन्हा होतं तसं लावलं. पद्मनाभला बोलावलं. तो माझ्या खुर्चीत बसला, डोळे मिटून सगळं ऐकलं आणि म्हणाला, "सार, दोन्ही बाजू सरी आहेत, सारख्याच." मी म्हणालो, "अरे बाबा, तुला ऐकू येत नाही त्याला मी काय करू?" बिचारा कापी न घेता गेला. कानच नाहीत तर असल्या दुकानात बसावं कशाला मनुष्यानं?

काल रस्त्यात एक ऑटो अगदी अंगाशी येऊन गेला. हॉर्न वाजवला नाही त्यानं. हल्ली कोणाला शिस्त राहिली नाही.

आता तू विचार कर. माझं डोकं चालत नाही.

राव काका


ओरगडम
२४ फेब्रुवारी २०२५

ती. काका, सा. न.

मिळालं. उत्तर मिळालं. स्पीकर बदलून नाही, वायरी बदलून नाही, दोष नेहमी डावीकडेच. म्हणजे दोष खोलीच्या डाव्या बाजूचा. डावीकडे काय आहे? ती मोठी खिडकी. तिच्या काचा वाऱ्यानं थरथरतात हे मला दोन वर्षं झोपमोड होऊन पाठ आहे. काच आवाज खाते आणि उलटा फेकतेही. पहिल्या डब्यानं ते झाकलं, दुसऱ्याला जमत नाही.

म्हणजे निवड सोपी झाली. खोली सर्वांत चांगली सुधारणारा एक तिसरा प्रोसेसर आहे, गाणं आणि सिनेमा दोन्हीला तोच घ्यायचा. पद्मनाभना तो मागवून ठेवायला सांगा. रविवारी, दोन तारखेला, मी कारखान्याचा मायक्रोफोन घेऊन येते. काच किती खाते ते आकड्यात दाखवते.

मावशींना सांगा, रसम.

ऋजुता


ओरगडम
४ मार्च २०२५

ती. काका,

ठरलेलं मोडून मी काल चार वेळा फोन केला. चौथ्यांदा मावशींनी उचलला, "दाखवून आलो" एवढंच म्हणाल्या आणि ठेवला. म्हणून लिहितेय. लिहायला तरी काय तोंड आहे मला.

रविवारी मायक्रोफोननं दोन्ही बाजू सारख्या दाखवल्या तेव्हासुद्धा मी म्हणाले, मायक्रोफोन चुकला असेल. दुसऱ्यांदा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. मग मला वाटलं, खिडकीचा प्रश्न असेल तर खुर्ची उलटी केली तरी खिडकीकडचाच आवाज दबेल. म्हणून तुम्हाला म्हटलं, काका, समोरच्या स्पीकरांकडे पाठ करा. तुम्ही खुर्ची फिरवली आणि तुमचा चेहरा उजळला. "आला, तंबुरा आला," म्हणालात. आणि लगेच, "पण मृदंग कुठे गेला?"

त्या क्षणी मला कळलं. मावशी दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तुमच्याकडे नाही. रसमची वाटी तशीच हातात होती. तुम्ही मात्र हसत होतात, मला म्हणत होतात, बघ, डबा उलटा वाजतो.

तुम्ही चक्कर आल्याचं लिहिलं होतं. जिथे जाल तिथे मागे येणारा हम् लिहिला होता. न ऐकू आलेला हॉर्न लिहिला होता. मी ते सगळं वाचलं आणि इलेक्ट्रिशियनसाठी आकृती काढली. आवाज मोजायचा पगार घेते मी. आणि माझ्या हातचं ते वाक्य तुम्ही मावशींना वाचून दाखवलंत.

डॉक्टर काय म्हणाले? कितीही वाईट असलं तरी लिहा. फोन केलात तर फार बरं होईल.

ऋजुता


नुंगंबाक्कम
१९ मार्च २०२५

चि. ऋजुतास आशीर्वाद.

पंधरा दिवस उत्तर लिहिलं नाही. राग आला नाही म्हणून लिहिलं तर ते खोटं. आला. दोन दिवस तुझ्यावर होता, मग डॉक्टरवर, मग पोस्टावर. शेवटी घरी आला आणि माझ्यापाशी बसला. तुझं वाक्य तू लिहिलंस खरं, पण ते मी मागून घेतलं होतं. तसं नसतं लिहिलंस तर मी दुसऱ्या कोणाकडून लिहवून घेतलं असतं.

डॉक्टर तरुण आहे. तपासणीची खोली तुमच्या स्टुडिओसारखीच आहे सार म्हणून कौतुकानं सांगत होता. कानावर हेडफोन चढवून शीळ ऐकवतो, ऐकू आली की बटण दाबायचं. उजव्या कानाला मी भराभर दाबलं. डाव्याला कधी सुरू होणार म्हणून वाट बघत बसलो. थोड्या वेळानं त्यानं हेडफोन काढले, तेव्हा कळलं की ते होऊन गेलं होतं.

डाव्या कानाची नस एका रात्रीत गेली. असं होतं म्हणतो, का होतं ते सांगता येत नाही. पहिल्या आठवड्यात आला असता तर गोळ्यांनी बहुतेकांचं थोडंफार परत येतं, काहींचं सगळं. त्यानं विचारलं, किती दिवस झाले? मी मोजत होतो. विशालाक्षीनं सांगितलं, एकवीस. तिनं पहिल्या दिवसापासून मोजून ठेवले होते. तो म्हणाला, मग इतके दिवस काय करत होता? मी म्हणालो, प्रोसेसर निवडत होतो.

गोळ्या दिल्या, कानाच्या पडद्यातून तीन सुया मारल्या. काल पुन्हा तपासलं. काही आलं नाही, आता येणार नाही. हम् तेवढा राहील म्हणतो. अंगणातली सळई काढून टाकली.

पद्मनाभच्या दुकानात जाऊन आलो. माफी मागायला तमिळमध्ये शब्द पुष्कळ आहेत, मला एकही धड सुचेना. त्यानंच खुर्ची दिली, माझ्या उजव्या हाताला येऊन बसला आणि कापी मागवली. त्या दिवशीच त्याच्या लक्षात आलं होतं काय म्हणून विचारलं. त्यानं कप माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, "तुम्ही राव सार. मी कसं सांगू?"

आता तुझ्या प्रश्नाचं. गाण्याला आणि सिनेमाला मिळून कोणता? पहिलाच ठेवला. त्यात एक बटण सापडलं, डावं-उजवं मिसळून सगळं एका जागी आणणारं. मी उमेदवार असताना तसंच मुद्रण करायचे, एकाच कर्ण्यातून. सहा स्पीकर बंद करून एक लावतो, उजवा कान त्याच्याकडे करून बसतो. वीणा, मृदंग, तंबुरा, तिघं एकाच पाटावर दाटीवाटीनं बसल्यासारखे ऐकू येतात. आक्का खोकते. कुठून खोकते ते कळत नाही. खिडकीपर्यंत उठून जायचं कारण उरलं नाही.

संध्याकाळी विशालाक्षीसाठी सातही स्पीकर लावतो आणि तिच्या बाजूला बसतो. सिनेमाकडे माझं लक्ष नसतं. तिनं मान डावीकडे वळवली की समजतो, तिकडून काही आलं. काल एकदा ती सारखी त्या बाजूला बघत राहिली. काय आहे तिकडे म्हणून विचारलं. पाच आठवड्यांत पहिल्यांदा मी तिला काही विचारलं असेन. पाऊस आहे, म्हणाली.

यापुढे पत्रं लिहीत जा, मराठी चुकवू नकोस. पण अंगाला काही झालं, तुला किंवा आम्हाला, तर पत्र नको. लगेच फोन करायचा, आणि विशालाक्षीशी बोलायचं.

तुझा
राव काका